‘स्प्रे कशाला, सरळ रिव्हॉल्व्हर घ्या’ : अस्वलांच्या जंगलातल्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, पण सार असं: ‘यलोस्टोन, ग्लेशियर किंवा अलास्कात ट्रेकला निघालात? मिरचीचा स्प्रे म्हणजे खेळणं. .३५७ किंवा .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर घ्या. ते पिस्तुलासारखं अडकत नाही. सगळ्यात हलकं मॉडेल बघा, ओझं होणार नाही. एका गोळीत विषय संपतो. इथे कायद्याने कुणीही बंदूक घेऊ शकतं, आणि नॅशनल पार्कातही चालते.’

यातली बरीच वाक्यं थोडीथोडी खरी आहेत, म्हणूनच सल्ला पटतो. (.३५७ आणि .४४ मॅग्नम ही रिव्हॉल्व्हरच्या ताकदवान काडतुसांची नावं.) शेवटचा मुद्दा आधी घेऊ, कारण अस्वल दिसायच्या आतच तो माणसाला गोत्यात आणू शकतो.

‘कायद्याने कुणीही घेऊ शकतं’

साफ चूक. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, किंवा नातवंडांना भेटायला बी-टूवर आलेले आजी-आजोबा, हे सगळे नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर असतात. अशा व्यक्तीला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही जवळ बाळगायला मनाई आहे. विकत घेणं सोडा, मित्राचं रिव्हॉल्व्हर ‘जरा धर’ म्हणून कमरेला लावून चालणं हासुद्धा ताबाच. शिक्षेची कमाल मर्यादा २०२२ मध्ये १० वर्षांवरून १५ वर्षांवर गेली. अपवाद आहेत, त्यातला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. पण परवाना काढला म्हणजे झालं असंही नाही. राज्याचे नियम वेगळे असतात, आणि हा रस्ता वकिलाला विचारल्याशिवाय धरू नये. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर ही अडचण नाही.

पार्कांचं म्हणाल तर २२ फेब्रुवारी २०१० पासून राज्याच्या कायद्यात बसत असेल तर नॅशनल पार्कात बंदूक नेता येते. (ही तरतूद क्रेडिट कार्डांच्या कायद्यात घुसवून मंजूर झाली होती, अमेरिकन संसदेचा खास मासला.) मात्र ‘नेता येते’ आणि ‘चालवता येते’ यात फरक आहे. यलोस्टोनमध्ये गोळी झाडायला मनाईच आहे, आणि व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतीत बंदूक घेऊन शिरता येत नाही. सिॲटलहून गाडीने अलास्काला जायचा बेत असेल तर वाटेत कॅनडा लागतो, तिथे छोट्या नळीचं रिव्हॉल्व्हर सीमेवरच अडेल. १०५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळीच्या हँडगन तिथे निषिद्ध वर्गात मोडतात.

‘रिव्हॉल्व्हर कधीच अडकत नाही’

हा मुद्दा नीट बघण्यासारखा आहे, कारण त्याचा पाया खरा आहे. पिस्तुलात काडतूस फुटलं नाही तर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढावी लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. अस्वल अंगावर असताना नळी त्याच्या अंगात रुतवून चाप ओढला तरी रिव्हॉल्व्हर चालतं. पिस्तुलाची स्लाइड अशा वेळी मागे ढकलली गेली तर गोळीच सुटत नाही. हे दोन फायदे कुणी नाकारू नयेत.

पण रिव्हॉल्व्हर अडकतं तेव्हा ते पिस्तुलासारखं दोन सेकंदांत सुटत नाही. बऱ्याचदा स्क्रूड्रायव्हर किंवा टेबल लागतं.

सगळ्यात घातक प्रकार हलक्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये दिसतो. गोळी झाडली की बंदूक झटक्याने मागे येते, सिलिंडरमधल्या (काडतुसांची घरं असलेल्या फिरत्या नळकांड्यातल्या) बाकीच्या पुंगळ्याही तिच्याबरोबर मागे येतात, पण त्यांतल्या जड गोळ्या जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात. पुंगळीचं तोंड गोळीवर पुरेसं घट्ट दाबलेलं नसेल तर प्रत्येक धक्क्याला गोळी केसभर बाहेर सरकते. तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर एखादीचं टोक सिलिंडरच्या बाहेर डोकावतं, फ्रेमला अडतं आणि सिलिंडर फिरायचं थांबतं. चाप ओढला जात नाही, आणि बाहेर आलेलं टोक आड येत असल्याने सिलिंडर उघडतही नाही. हे घरी नाही, रेंजवर तपासायचं. सहा काडतुसं भरा, एकाला मार्करने खूण करा, बाकीची पाच झाडा. खूण केलेल्या काडतुसाची लांबी आधी आणि नंतर कॅलिपरने मोजा. तेच काडतूस ठेवून आणखी पाच झाडा, पुन्हा मोजा. लांबी वाढत चालली असेल तर ती काडतुसं त्या बंदुकीत जंगलात न्यायची नाहीत, पेटी कितीही महाग असो.

दुसरा प्रकार साधा, पण रोजचा. पुंगळ्या बाहेर ढकलणारी जी चांदणीच्या आकाराची चकती असते, तिच्याखाली न जळलेल्या दारूचे दोन-चार दाणे जाऊन बसतात. चांदणी किंचित उचललेली राहते, पुंगळ्यांच्या कडा मागच्या पट्टीवर घासतात, चाप अचानक जड होतो. उपाय: रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे करा आणि एजेक्टरचा दांडा तळहाताने एकाच फटक्यात दाबा, म्हणजे दाणे खाली चांदणीकडे न जाता पुंगळ्यांबरोबर बाहेर पडतात. नळी आडवी ठेवून हळूहळू दाबलं तर एखाद्या पुंगळीची कड चांदणीखालीही सरकते. मग ती नखाने उकरत बसायची. घरी जुना टूथब्रश पुरतो.

हा दांडा सैल होऊन उलगडत पुढे येणं, हाही ओळखीचा दोष. सिलिंडर उघडेनासं होतं. निघण्यापूर्वी बोटांनी दाबून बघा. तो कुठल्या दिशेने घट्ट होतो ते मॉडेलनुसार बदलतं, तेव्हा पकड लावण्यापूर्वी आपल्या बंदुकीची पुस्तिका उघडा. आणखी एक: .३५७ मध्ये सरावासाठी आखूड .३८ स्पेशल काडतुसं वापरतात, ते ठीक. पण त्यांची काजळी घराच्या पुढच्या बाजूला कड्यासारखी जमते आणि नंतर लांब मॅग्नम काडतूस आत पूर्ण जात नाही. सराव झाला की सहाही घरं ब्रशने घासायची.

‘.३५७ किंवा .४४, काहीही चालेल’

.३५७ मॅग्नम १९३५ मध्ये आलं ते पोलिसांना डोळ्यांसमोर ठेवून, .४४ मॅग्नम १९५५ मध्ये. नेहमीच्या भरणीत पहिल्यात १५८ ग्रेनची, म्हणजे सुमारे १० ग्रॅमची गोळी असते आणि ऊर्जा साधारण ७०० जूल. दुसऱ्यात २४० ग्रेन, साडेपंधरा ग्रॅम, सुमारे १,००० जूल. हरणाच्या शिकारीची साधी .३०८ रायफल ३,५०० जूलच्या आसपास देते. म्हणजे .४४ असलं तरी ते रायफलच्या जवळही जात नाही, आणि ‘जोराने उडवून देईल’ हा विचार डोक्यातून काढायचा.

मग उरतं काय, तर आत शिरण्याची ताकद. दुकानात सहज मिळणारी .३५७ ची १२५ ग्रेनची पोकळ टोकाची गोळी माणसासाठी बनवलेली असते. ती अंगात फुलते आणि थांबते. अस्वलाच्या खांद्याच्या स्नायूत आणि जाड हाडांत ती उथळ जखम करून राहू शकते. त्यासाठी कठीण शिशाची, न फुलणारी, सपाट टोकाची जड गोळी लागते: .३५७ मध्ये १८० ग्रेनच्या आसपास, .४४ मध्ये २४० ते ३०५. काळ्या अस्वलांच्या प्रदेशात .३५७ वर काम भागतं असं आम्ही म्हणू. ग्रिझलीच्या, म्हणजे मोठ्या तपकिरी अस्वलांच्या, प्रदेशात ते अपुरं.

‘सगळ्यात हलकं घ्या’

स्मिथ अँड वेसन कंपनीचं स्कँडियमच्या (हलक्या मिश्रधातूच्या) फ्रेमचं .४४ सुमारे ७१० ग्रॅम भरतं. त्याच कंपनीचं चार इंची नळीचं पोलादी ‘६२९’ मॉडेल सुमारे १,२०० ग्रॅम. काडतूस तेच, म्हणजे धक्का शोषायला साठ टक्क्यांच्या आसपासच वजन. पहिली गोळी दोन्ही झाडतात. हलक्यात दुसरी गोळी मारेपर्यंत नळी पुन्हा खाली आणायलाच वेळ जातो, आणि सरावाला पाच-सहा गोळ्यांनंतर हात नको म्हणतो. ज्याचा सराव होत नाही ते हत्यार ओझंच, मग ते पाव किलोचं का असेना. वर सांगितलेला गोळी सरकण्याचा दोषही इथेच जास्त. कायद्याने ज्याला घेता येतं त्याने चार इंची, पोलादी, सहा घरांचं घ्यावं आणि छातीवरच्या होल्स्टरमध्ये ठेवावं. कमरेवर सॅकचा पट्टा येतो आणि मूठ त्याखाली दबते. घोडा हाताने मागे न ओढता, नुसत्या चापाने चालवायची सवय हवी. असा चाप ओढायला चार-पाच किलोचा जोर लागतो. कसोटी सोपी: सॅक पाठीवर, सात मीटरवर जेवणाची कागदी प्लेट, होल्स्टरमधून काढून दोन सेकंदांत दोन गोळ्या प्लेटमध्ये. दहापैकी आठ वेळा जमत नसेल तर अजून तयारी नाही.

दोन सेकंदच का? अस्वल ताशी ५६ किलोमीटरपर्यंत धावतं. तीस मीटर म्हणजे दोन सेकंदही नाहीत.

‘स्प्रे म्हणजे खेळणं’

इथे दोन्ही बाजू आकडे फेकतात. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या नोंदी तपासल्या. २००८ च्या शोधनिबंधात तपकिरी अस्वलांचं नकोसं वागणं स्प्रेने ९२ टक्के वेळा थांबलं. २०१२ च्या निबंधात हँडगनचं यश ८४ टक्के, लांब बंदुकांचं ७६. रिव्हॉल्व्हरवाले हे ८४ पुढे करतात. पण त्याच निबंधात असंही आहे की बंदूक जवळ असून वापरली किंवा नाही वापरली, माणसाला इजा होण्यात फरक आढळला नाही. आणि बंदूक निकामी ठरण्याचं पहिलं कारण होतं वेळच न मिळणं. उलट बाजूने हेही मान्य करू की स्प्रेच्या नोंदींत नुसती उत्सुक, हुंगत आलेली अस्वलंही आहेत, म्हणून ९२ आणि ८४ शेजारी ठेवून स्पर्धा लावणं बरोबर नाही. फरक पडतो तो नेमबाजीत. स्प्रेला अचूक नेम लागत नाही, समोर ढग उभा केला की पुरतं.

अर्थात डबा सॅकच्या आत असेल तर तोही खेळणंच. किमान २२५ ग्रॅमचा, साडेसात मीटरहून लांब जाणारा, लेबलवर ‘अस्वलांसाठी’ असा उल्लेख असलेला डबा हवा. पर्समधला माणसांसाठीचा नको. अस्वलांचा डबा छातीच्या पट्ट्यावर ठेवा. क्लिप अंगठ्याने काढायचा सराव रिकाम्या सराव-डब्यावर करा. अस्वल धावत येत असेल तर ते १५-१८ मीटरवर असतानाच, नेम किंचित खाली धरून फवारा सोडा. तारीख साधारण चार वर्षांत संपते. उन्हात उभ्या गाडीत ठेवला तर ५० अंशांच्या वर फुटू शकतो. तंबूवर आधीच मारून ठेवू नका, वाळलेल्या मिरचीच्या वासाने अस्वल उलट जवळ येतं. गंमत अशी की बंद कडक पेटीत कुलूप लावून आणि काउंटरवर सांगून रिकामं रिव्हॉल्व्हर विमानाच्या चेक-इन सामानात जातं, स्प्रे मात्र कुठल्याच सामानात जात नाही. उतरल्यावर विकत घ्यायचा. आणि योसेमिटीत तो चालतच नाही. तिथे फक्त काळी अस्वलं आहेत आणि खरी काळजी डब्यातल्या खाण्याची.

‘एका गोळीत विषय संपतो’

धावत्या अस्वलाचं डोकं वरखाली हलत असतं. समोरून दिसणारं कपाळ म्हणजे बरंचसं स्नायू आणि हाड. मेंदू लहान, खोल. शिवाय बरेचसे हल्ले नुसते दटावणीचे असतात, अस्वल काही मीटरवर थांबून वळतं. तिथे झाडलेली अर्धवट गोळी दटावणीला खऱ्या हल्ल्यात बदलू शकते.

आणि गोळी बसलीच तर कागदोपत्री विषय तिथून सुरू होतो. अलास्काखेरीज मुख्य भूमीवर ग्रिझली १९७५ पासून संरक्षित आहे. स्वसंरक्षणात मारलं तरी पाच दिवसांत कळवावं लागतं. अलास्कात नियम आणखी रोखठोक: ताबडतोब कळवायचं, पंधरा दिवसांत लेखी अहवाल द्यायचा, आणि अस्वलाचं कातडं नख्यांसकट सोलून कवटीबरोबर राज्याकडे जमा करायचं. तीन-चारशे किलोचं जनावर, जंगलात, स्वतःच्या हाताने. रिव्हॉल्व्हरच्या खर्चात एक चांगली सुरीही धरा.