अभ्यासासाठी राजीनामा दिलात तर ईएसआयचा बेरोजगारी भत्ता मिळत नाही

कामगारांच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपवर एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. थोडक्यात तो असा: “नोकरी करता करता एमपीएससी होत नाही. बिनधास्त राजीनामा द्या आणि पूर्णवेळ अभ्यासाला बसा. पगारातून ईएसआय कापली जात असेल तर अटल योजनेत दोन वर्षं घरबसल्या अर्धा पगार मिळतो. आपलेच पैसे आहेत, आपला हक्क आहे. सगळ्या देशांत देतात.”

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याच्या टाइम ऑफिसला मी काम करतो. दर महिन्याला ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, वर्गणी ऑनलाइन भरायचं काम माझ्याकडे आहे. मे महिन्यात आमच्या मशीन शॉपमधला एक मुलगा हाच मेसेज आणि राजीनाम्याचा कागद घेऊन टेबलाशी उभा राहिला. “काका, तेवढा अटलचा फॉर्म पण भरून द्या.” दोन वर्षांच्या अभ्यासिकेचा, मेसचा आणि खोलीभाड्याचा हिशोब त्याने त्या अर्ध्या पगारावर मांडला होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

“राजीनामा द्या, भत्ता मिळतो.”

नाही मिळत. ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ 1 जुलै 2018 पासून सुरू झाली. काम गेलेल्या विमाधारकाला दुसरं काम मिळेपर्यंत थोडा आधार द्यावा, एवढाच तिचा उद्देश. कोणाला मिळणार नाही याची यादी नियमांतच दिली आहे: ज्याने स्वतःहून काम सोडलं, ज्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली, ज्याला गैरवर्तनासाठी शिस्तभंगाच्या कारवाईत काढलं, जो वयोमानाने निवृत्त झाला, जो बेकायदा ठरलेल्या संपात आहे. तुम्ही अभ्यासासाठी सोडलंत, लग्नासाठी की गावाकडच्या शेतीसाठी, हा प्रश्नच येत नाही. सोडलंत तुम्ही, एवढ्यावर विषय संपतो.

एक बारकावा मात्र सांगायला हवा. अपात्रतेच्या त्या यादीत ‘अभ्यास’ कुठेच नाही. कंपनीने कपातीत काढलेल्या माणसाने भत्त्याचे दिवस अभ्यासिकेत काढले, तर तेवढ्यावरून त्याचा भत्ता बंद करणारं कलम त्या यादीत नाही. आडवं येतं ते स्वतःहून सोडणं.

“राजीनामा नका देऊ, नुसतं जायचं बंद करा. कंपनी नाव कमी करेल, मग फॉर्म भरा.”

मेसेजच्या खालच्या चर्चेत हा सल्ला हमखास सापडतो. न सांगता काम सोडून जाणं हेही स्वतःहून सोडणंच. शिवाय आमच्या बाजूला काय दिसतं ते ऐका. दर महिन्याची वर्गणी भरताना प्रत्येक कामगारापुढे त्या महिन्यात भरलेले दिवस आणि पगार टाकावा लागतो. दिवस शून्य असतील तर कारणाचा आकडा द्यावा लागतो: 2 म्हणजे सेवा सोडली, 3 म्हणजे निवृत्त, 10 म्हणजे कामगार कपात, 11 म्हणजे काम नाही. सोडून गेलेल्याच्या नावापुढे कामाचा शेवटचा दिवसही भरायचा असतो. बारीक अक्षरांतल्या त्या रकान्यातला 2 की 10, यावर तुमच्या अर्जाचं बरंचसं भवितव्य ठरतं. “काका, माझ्यापुढे 10 टाका ना,” असं म्हणणारेही येतात. ते मी टाकत नाही. खोटी माहिती देऊन लाभ घेणं हा ईएसआयच्या कायद्यात गुन्हा आहे, आणि शिक्षा झाली की भत्ताही जातो.

आता मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते. या मेसेजने खरं नुकसान अभ्यासाला बसणाऱ्यांचं होत नाही, ज्यांना खरोखर काढलंय त्यांचं होतं. ऑर्डर कमी झाली की आपल्या पट्ट्यात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ठेकेदाराचा माणूस चार-पाच जणांना बोलावतो, छापील कागद पुढे सरकवतो आणि म्हणतो, “इथे सही कर, हिशोब लगेच करून टाकतो.” तो कागद असतो राजीनाम्याचा. ‘मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द आधीच छापलेले, नाव आणि तारखेची जागा तेवढी कोरी. फुल अँड फायनलच्या घाईत पोरं सही करतात, आणि त्या सहीबरोबर या योजनेतला हक्क सोडून देतात. पूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी असताना अशा कागदांचे गठ्ठे स्वतः फाइलला लावलेत. आज त्याचं वाईट वाटतं.

‘राजीनामा दिला तरी चालतं’ असं सांगणारा मेसेज वाचलेला कामगार ही सही आणखी सहज करतो. म्हणून सांगतो, काम कंपनीने बंद केलं असेल तर राजीनाम्यावर सही करू नका. कामावरून कमी केल्याचं पत्र मागा. पत्र देत नसतील तर शेवटची पगारपावती, गेट पास आणि सुपरवायझरचे मेसेज जपून ठेवा. नियमाप्रमाणे कपात केली तर नोकरीच्या पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराइतकी भरपाईही देय असते. राजीनाम्याच्या कागदाने तीही जाते.

“दोन वर्षं मिळतो.”

हे कुठून आलं याचा मला अंदाज आहे. ईएसआयची आणखी एक जुनी योजना आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, 2005 सालची. तिच्यात 24 महिन्यांपर्यंत भत्ता आहे: पहिल्या वर्षी पगाराच्या निम्मा, दुसऱ्या वर्षी पाव. पण ती आहे कारखाना बंद पडला, कायद्याप्रमाणे कपात झाली किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने किमान 40 टक्के कायमचं अपंगत्व आलं, त्यांच्यासाठी. मेसेज लिहिणाऱ्याने नाव एका योजनेचं घेतलं, मुदत दुसरीची लावली आणि अटी दोन्हींच्या गाळल्या.

अटल योजनेतली मुदत जास्तीत जास्त 90 दिवस. तीही आयुष्यात एकदाच.

“अर्धा पगार मिळतो.”

हे वाक्य निम्मं खरं आहे. सुरुवातीला दर 25 टक्के होता. कोविडच्या काळात, ऑगस्ट 2020 मध्ये, तो 50 टक्के करण्याचा निर्णय झाला. पण हे 50 टक्के हातात पडणाऱ्या शेवटच्या पगाराचे नसतात. आधीच्या सहा-सहा महिन्यांच्या चार वर्गणी कालावधींतली, म्हणजे दोन वर्षांतली, एकूण कमाई भागिले 730 असा रोजचा सरासरी पगार काढतात आणि त्याच्या निम्मे धरतात. ईएसआयची पगारमर्यादा महिना 21,000 रुपये आहे. समजा कोणी पूर्ण दोन वर्षं बरोबर 21,000 वर काम केलं. एकूण 5,04,000 रुपये, भागिले 730 म्हणजे दिवसाला साधारण 690, त्याचे निम्मे 345. असे 90 दिवस म्हणजे सगळे मिळून सुमारे 31,000 रुपये. आमच्या त्या मुलाचा पगार 18,000. त्याला पात्र धरलं असतं तरी साडेसव्वीस हजारांच्या आसपास आकडा आला असता. दोन वर्षांचा हिशोब त्याने मांडला होता दोन लाखांच्या पुढे. कॅल्क्युलेटर मी त्याच्याच हातात दिला. आकडा पाहून तो काही बोलला नाही, पुन्हा एकदा तीच बेरीज करून पाहिली.

शिवाय वर्गणीच्या दिवसांची अट असते. मूळ नियमात दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि चारही कालावधींत किमान 78 दिवस वर्गणी हवी होती. 2020 मध्ये ती सैल करून लगेच आधीच्या कालावधीत 78 दिवस आणि उरलेल्या तिनांपैकी एकात 78 दिवस अशी केली. ठेकेदारीत दर काही महिन्यांनी ब्रेक मिळणाऱ्यांची गाडी इथेच अडते. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, तेव्हा खरोखर काम गेलेल्याने अर्ज करताना तेव्हाची मुदत आणि अटी ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारून घ्याव्यात.

“आपलेच पैसे आहेत.”

पीएफच्या बाबतीत हे म्हणता येतं. तिथे तुमच्या नावाची शिल्लक साठते, राजीनामा दिला तरी ती तुमचीच राहते, आणि कधी किती काढायची याचे वेगळे नियम आहेत. ईएसआय हा विमा आहे. कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के एका सामाईक थैलीत जातात. 18,000 पगारावर तुमचे महिन्याला 135 रुपये. त्यातून कोणाचं ऑपरेशन होतं, कोणाचं बाळंतपण. त्या थैलीतलं ‘माझं’ वेगळं काढून मागता येत नाही.

राजीनामा देणाऱ्याच्या खऱ्या हक्काच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि मेसेजमध्ये त्यांचा पत्ता नाही. राहिलेला पगार, कंपनीच्या नियमाप्रमाणे शिल्लक रजेचे पैसे, आणि सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी. ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते. साडेचार वर्षं भरून अभ्यासाला निघालेल्याने निघण्याआधी कॅलेंडर बघावं.

“सगळ्या देशांत देतात.”

उलट आहे. जर्मनीत सबळ कारणाशिवाय नोकरी सोडली तर बेरोजगारी भत्ता साधारणपणे 12 आठवडे रोखतात, आणि पूर्णवेळ विद्यार्थी कामाला उपलब्ध नाही असंच तिथला कायदा गृहीत धरतो. कॅनडातही स्वतःच्या मर्जीने शिक्षणासाठी नोकरी सोडणं हे एरवी भत्त्यासाठी पुरेसं कारण मानत नाहीत. आपल्याकडचंच बघा ना. महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्यातला बेरोजगार भत्ता कोणाला? ज्याने काम मागितलं आणि ज्याला वेळेत दिलं गेलं नाही त्याला. भत्त्याचा पायाच तो आहे: हात कामाला तयार आहेत, काम नाही. पूर्णवेळ अभ्यास करणाऱ्याने ते हात काही काळ दुसरीकडे गुंतवलेले असतात. त्यात चूक काही नाही, पण ही बेरोजगारी नव्हे. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं विद्यावेतनही, ज्याचं शिक्षण चालू आहे, त्याला नाही.

विद्यार्थ्यांसाठी असा आधार असायला हवा का? हवा, असं मला मनापासून वाटतं. शिफ्ट करून रात्री पुस्तक उघडणारी मुलं मी रोज बघतो. मेहनतीत ती कोणालाच हार जाणारी नाहीत. पण तो आधार मागावा लागेल, भांडून मिळवावा लागेल. आज तो आहे असं खोटं सांगून कोणाची चालू नोकरी घालवू नका.

त्या मुलाचा राजीनामा मी फाडायला लावला नाही. सोडायचं त्याने ठरवलंच होतं आणि तो त्याचा अधिकार आहे. मी फक्त तारखेकडे बोट दाखवलं. ईएसआयचे वर्गणी कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एका कालावधीत 78 दिवसांची वर्गणी भरली गेली की तिच्या जोडीच्या लाभ कालावधीत, नोकरी सुटल्यावरही, दवाखाना चालू राहतो. ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर त्याला 31 डिसेंबरपर्यंत उपचार मिळणारच होते. मेमध्ये सोडलं असतं तर एप्रिलपासूनचे 78 दिवस भरले नसते. ते भरून निघाला तर पुढच्या वर्षीच्या 30 जूनपर्यंत. आई त्याच्यावर अवलंबून आहे, तिचं शुगरचं औषध ईएसआयच्या दवाखान्यातून येतं. त्याने पेन मागितलं, मेची तारीख खोडली आणि 10 जुलै लिहिली.