सायकल पोटावर चालते

सायकलवाले एकत्र जमले की गुडघ्यांवर बोलतात. गुडघे संपले की मांड्या, मग पोटऱ्या, मग कंबर, आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, बसायची जागा. पोटाचा विषय कुणी काढत नाही. काढलाच, तर ज्याचं सुटलंय त्याच्या पाठीमागे. मीही वर्षानुवर्षं पायांचेच लाड केले. त्यांना चोळलं, ताणलं, त्यांच्यासाठी महागडे मोजे घेतले. पोटाला फोटोपुरतं आत ओढण्यापलीकडे मी कधी काही काम दिलं नाही. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

मग जांघेत एक उंचवटा आला. खोकलं की फुगायचा, आडवं झालं की गायब. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवून मला खोकायला लावलं आणि लगेच निकाल दिला, "हर्निया." पोटाच्या भिंतीत एखादी जागा कमकुवत होते आणि आतला ऐवज तिथून बाहेर डोकावतो. पुरुषांत साधारण चौघांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा जांघेतला हर्निया होतो, असं त्यांनी मला धीर द्यायला सांगितलं. सायकलवर आम्ही नेहमीचे चौघं. बाकी तिघांना मी वाचवलं, एवढंच समाधान.

"आतून जाळी बसवू," डॉक्टर म्हणाले. "दुर्बिणीने. साधारण पंधरा बाय दहा सेंटिमीटरची."

"म्हणजे गेटर!" मी म्हणालो.

डॉक्टरांना गेटर माहीत नव्हता. मी त्यांच्याच पॅडवर चित्र काढून दाखवलं. टायर कुठे कापलं गेलं की तिथून ट्यूबचा फुगा बाहेर येतो. मग सायकल दुरुस्त करणारा जुन्या टायरचा तुकडा कापतो आणि आतल्या बाजूने, ट्यूब आणि टायरच्या मध्ये, सरकवतो. तो चिकटवायचीही फारशी गरज नसते, हवा भरली की ट्यूबच त्याला दाबून धरते. डॉक्टरांनी चित्र नीट पाहिलं. "तत्त्व तेच आहे," ते म्हणाले. "पोटातला दाबच जाळीला भिंतीशी धरून ठेवतो."

"गेटर टाकून मी लगेच सायकल काढतो."

"टायरला जखम भरून काढायची नसते. इथे जाळीच्या छिद्रांतून तुमच्या पेशी वाढायला हव्यात. त्याला काही आठवडे लागतात."

"आणि मग जाळी काढायची कधी?"

"काढायची नाही. पॉलिप्रॉपिलीन आहे, विरघळत नाही. कायमची."

दोऱ्या आणि पोती ज्या प्लास्टिकची करतात तेच हे, असं मी घरी येऊन वाचलं. बायकोला सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे टिकाऊ आहे."

ऑपरेशनबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, कारण तेव्हा मी झोपलो होतो. जागा झालो तर पोटावर छोट्या छोट्या तीन पट्ट्या आणि ठणकतोय उजवा खांदा. मी घाबरून म्हणालो, "सिस्टर, कागद एकदा तपासा हो. खांद्याचं तर नाही ना केलंत?" त्यांना हा प्रश्न नवा नसावा. दुर्बिणीला आत वावरायला जागा मिळावी म्हणून कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात. उरलासुरला वायू वर श्वासपटलाशी जाऊन बसतो आणि ते कुरकुरतं. श्वासपटलाची नस निघते मानेतून, आणि खांद्याच्या तक्रारीही मानेतल्या त्याच टेबलावर जातात. मेंदूला कळत नाही अर्ज कुणाचा आहे. तो खांद्याच्या नावावर नोंद करून मोकळा होतो. सरकारी काम मी पुष्कळ पाहिलंय, पण ते इतकं आतपर्यंत पोचलं असेल अशी कल्पना नव्हती.

दोनेक दिवसांत खांदा निवळला आणि पोटाची खरी शिकवणी सुरू झाली. उठून बसायला पोट लागतं, हे समजण्यासारखं आहे. पण खण ओढायला? अडकलेलं झाकण फिरवायला? दात घासल्यावर चूळ थुंकायला पोट लागतं हे मला कोणत्याही शाळेत शिकवलं नव्हतं. हाक मारायला लागतं. अंगावरचं पांघरूण पायाने ढकलायला लागतं. दुसऱ्या खोलीत फोन वाजला की मनात नुसता उठण्याचा विचार यायचा, आणि हातपाय हलायच्या आधी टाके हलायचे. याला शास्त्र आहे, हे नंतर कळलं. पोटात अगदी आत एक आडवा स्नायू असतो. तुम्ही हात उचलायचं ठरवलंत की हाताआधी तो आवळतो आणि धड स्थिर करून देतो. म्हणजे आयुष्यभर प्रत्येक कामाला माझ्याआधी कुणीतरी हजर होत होतं आणि मी त्याला ओळखतही नव्हतो.

सगळ्यांत वाईट शिंक. ती येणार हे आधी कळतं, आणि तेच तर वाईट. उशी पोटाशी घट्ट धरायची, गुडघे जवळ घ्यायचे, डोळे मिटायचे. बहुतेक वेळा एवढी तयारी बघून शिंक परत जायची आणि मी उशी सोडली की यायची. 2005 साली अमेरिकेत 20 निरोगी तरुण माणसांच्या पोटातला दाब मोजण्यात आला होता. बसलेलं असताना पाऱ्याचे सुमारे 17 मिलिमीटर, उभं राहिल्यावर 20. साडेचार किलोचं वजन उचलताना तो फार तर 25 च्या आसपास. आणि खोकताना? 107. उडी मारताना 171. हे वाचून मी डॉक्टरांना फोन केला. पाण्याची छोटी बादली उचलायला तुम्ही बंदी घातलीत, मग खोकल्याचं काय? ते म्हणाले, "खोकू नका." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि आकडे वाचू नका."

आमच्या चौघांतल्या एकाला विनोद सांगायची खोड आहे. त्याचे विनोद आम्हाला पाठ आहेत आणि आम्ही कुणी हसत नाही. पण हसायचं नाही असं ठरवलं की माणसाला काय होतं कोण जाणे. तो भेटायला आला, त्याने तोच तो जुना विनोद काढला, आणि मी उशी आवळून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्याला इतकी दाद जन्मात मिळाली नव्हती. तो रोज येऊ लागला.

सायकल कधी, या प्रश्नाला मात्र जितकी तोंडं तितकी उत्तरं. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे जड काही नको. हर्नियाच्या 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की झेपेल तसं लवकर नेहमीच्या व्यवहाराला लागा. शेजारचे काका म्हणाले सहा महिने हलू नका, आणि त्यांचं ऑपरेशन डोळ्यांचं झालं होतं. मी पुरावे गोळा करायला लागलो. टोरांटोच्या डॉक्टर एडवर्ड शोल्डाइस यांनी 1945 साली फक्त हर्नियासाठी वेगळं रुग्णालय काढलं होतं. लोक एरवी ऑपरेशननंतर आठवडे न् आठवडे पडून राहत, त्या काळात हा माणूस रोग्यांना लगोलग उठवून चालायला लावायचा. हे मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

"ते तुम्हाला तपासायला येणार आहेत का?" तिने विचारलं.

"ते कधीच वारले."

"मग आपल्या डॉक्टरांचं ऐका."

दुसरा पुरावा याहून जोरदार होता. 1966 साली डॅलसमध्ये पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवलं होतं, मुद्दाम, प्रयोग म्हणून. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरली. 30 वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तर एवढ्या वर्षांच्या वयाने केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांच्या नुकसानापेक्षा कमी निघालं! मी पलंगावर ताठ बसायला गेलो, ते जमलं नाही, म्हणून कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताने रेटा देऊन पद्धतशीर बसलो आणि हिशेब मांडला. त्या हिशेबाने माझी सत्तरी उलटली होती. मनगटावरच्या घड्याळाचंही तेच मत होतं. "आज तुम्ही हालचाल केलेली नाही," असं ते दर तासाला थरथरून सांगायचं. त्याला ऑपरेशनचं कळवायला कुठे बटणच नव्हतं.

मग फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, आवाज मुख्याध्यापिकेचा. "काका, बेंबी मणक्याकडे न्या." मी नेली. "श्वास रोखू नका." इथेच घोटाळा होता. पोट आत ओढायचं आणि श्वासही चालू ठेवायचा, ही दोन कामं मी कधी एकत्र केलेली नव्हती, फोटो काढायला तेवढा वेळ लागत नाही. "आता बोला काहीतरी, म्हणजे श्वास चालू आहे हे कळेल." मी पाढे म्हटले. सत्तावीसचा अर्ध्यावर अडला आणि पोट सुटलं. बाईंनी पहिल्यापासून म्हणायला लावलं. आडव्या स्नायूची ही तालीम दिसायला काहीच नसते. घरातले लोक येऊन विचारत, व्यायाम कधी सुरू होणार? आणि मी घामाघूम.

पायी चालणं हळूहळू वाढलं, डॉक्टरांनी टाके पाहिले, खोकायला लावलं, आणि परवानगी दिली ती खोलीतल्या स्टँडवर बांधलेल्या सायकलची. पायडल मारण्यात तसा धोका नाही, धोका पडण्यात आहे, असं त्यांचं म्हणणं. बांधलेली सायकल पडत नाही. मात्र माझी रेसर सायकल, हँडल खाली, सीट वर, आणि त्या दोन्हींच्या मध्ये नेमकं माझं ऑपरेशन. वाकलो की टाक्यांची घडी पडायची. शिवाय त्या सायकलवर टांग टाकायची म्हणजे एक पाय पार मागून उंच फिरवायचा. ते करताना माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

तोडगा पुतणीने काढला. "काका, माझी घेऊन जा." लेडीज सायकल, आडवा दांडा नाही, पाय मधूनच पलीकडे टाकायचा. हँडल छातीशी, पाठ सरळ, पोटावर कसला भार नाही. पुढे जांभळी टोपली आणि तिला प्लास्टिकची फुलं. डॉक्टर, फिजिओ आणि शोल्डाइस, तिघांनी बसून आखली असती तरी याहून योग्य सायकल निघाली नसती. मी पहाटे, अंधार असताना, बाहेर पडलो.

रस्त्यावर गेल्यावर पोटाने उरलेला अभ्यासक्रम घेतला. गतिरोधक आला की आपण सीटवरून किंचित उठतो, हे पाय करतात असं मला वाटायचं. करकचून ब्रेक दाबला की धड पुढे झेपावतं, त्याला कोण आवरतं? मागे वळून गाडी बघायला कोण पिळवटतं? उभं राहून चढ चढताना ज्या पायावर जोर त्याच बाजूचं हँडल हात ओढतो, आणि वरची ती ओढ खालच्या पायापर्यंत पोचवायची हमाली मधल्यामध्ये कोण करतं? तेव्हा चढ बसूनच चढायचा, हलका गिअर लावून, पाय भराभर फिरवत. वेग असा की एक आजोबा शेजारून चालत होते. बराच वेळ शेजारूनच चालत होते. शेवटी त्यांनीच विषय काढला, "फुलं खरी आहेत का हो?"

काही महिन्यांनी पुतणीने सायकल परत मागितली आणि मी माझ्या रेसरवर आलो. हँडल तेवढं चांगलं वर घेतलं होतं. चौघं पुन्हा एकत्र निघालो आणि मला एक सोय सापडली. समोरून वारा असला की आळीपाळीने पुढे राहून मागच्यांना आडोसा द्यायचा असतो. माझी पाळी आली की मी पोटावर हात ठेवायचो. लगेच कुणीतरी पुढे सरकायचं, "राहू दे, राहू दे, तू मागे राहा." चढावर ते थांबायचे. पंक्चर झालं तर पंप माझ्या हातात कुणी देत नव्हतं. पाण्याच्या बाटल्या भरून आणायला मी कधी गेलोच नाही. मी इतक्या आरामात सायकल कधी चालवली नव्हती आणि माझा दम, खरं सांगायचं तर, केव्हाच पूर्ववत झाला होता.

परवा घाटाखाली वारा जोराचा होता. विनोदवाला सगळ्यांत पुढे होता आणि बराच वेळ पुढे होता. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी पोटाकडे हात नेला.

"ते ऑपरेशन आणखी किती दिवस चालणार आहे रे?" तो ओरडला.

"जाळी कायमची आहे," मी म्हणालो.