‘एसीत बसून’ लिहिणाऱ्याचं उत्तर

नमस्कार. ‘दुधातलं तणनाशक’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: तुम्ही किटने दूध तपासलंत, त्यात ग्लायफोसेट हे तणनाशक निघालं, आणि मी मात्र ‘नाही’ म्हणून मोकळा झालो, मोजण्याची मर्यादा (ज्याखालचं प्रमाण पद्धतीला मोजता येत नाही ती) मी लपवली, पेंडीबद्दल, कंपन्यांच्या पाकिटांबद्दल मी गप्प आहे. वर हे वाक्य: ‘एसीत बसून अहवाल वाचणाऱ्यांना दूध काय कळणार?’

या वाक्यापासूनच सुरुवात करतो. लागलं ते.

अवशेष तपासणीच्या प्रयोगशाळेत मी ११ वर्षं काढली. तिथला एसी यंत्रासाठी असतो हो, माणसासाठी नव्हे; उकाड्यात मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून रसायन ओळखणारं यंत्र, रुसतो. आम्ही शेजारच्या खोलीत, हातमोज्यांत घाम साचवत अर्क काढायचो. त्यात ग्लायफोसेट भलतं हट्टी. बाकीची शेकडो कीडनाशकं ॲसिटोनायट्राइलच्या एकाच अर्कात उतरतात, ग्लायफोसेट मात्र पाणी सोडायला तयार नसतं. त्यामुळे ‘शेकडो रसायनं तपासली’ अशा रुबाबदार अहवालात ते बहुधा नसतंच. त्याच्यासाठी आम्ल घातलेल्या मिथेनॉलचा वेगळा अर्क लागतो, दुधातली प्रथिनं बाजूला काढावी लागतात. एकदा स्वच्छ दुधात मोजून घातलेल्या ग्लायफोसेटपैकी जेमतेम ४५ टक्के परत हाती आलं. ७० ते १२० टक्क्यांत बसायला हवं. दोन आठवड्यांचं काम मी स्वतःच्या हाताने रद्द केलं, आणि वर बोलणीही खाल्ली. तेव्हा मला दूध कळतं की नाही हे तुम्ही ठरवू नये, ही नम्र विनंती. अजून तरी नम्रच आहे.

आता किट. एलायझा किट, म्हणजे प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडीच्या) मदतीने रसायन ओळखणारं किट, पाण्याच्या नमुन्याला ठीक. दुधातली प्रथिनं नि स्निग्धांश प्रतिपिंडांच्या कामात लुडबुड करतात आणि नसलेलं रसायन असल्यासारखं दिसू शकतं. अमेरिकेत आईच्या दुधात ग्लायफोसेट सापडल्याची आवई अशाच किटवरून उठली होती. पुढे ४१ स्तनदा मातांचं दूध मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासलं गेलं, लिटरमागे १ मायक्रोग्रॅमसुद्धा दिसेल अशा पद्धतीने. एकाही नमुन्यात सापडलं नाही. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तुमच्या किटच्या डब्यात ही बातमी आली नसावी.

एक मात्र मान्य. ‘दुधात नाही’ असं सरसकट लिहायला नको होतं. ‘मोजण्याच्या मर्यादेखाली’ हवं होतं. मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम होती, ती आता लेखात घातली आहे. तळटीपेएवढी गोष्ट, तिला ‘लपवाछपवी’ म्हणायचं म्हणजे कमाल आहे. पेंड आणि पाकिटं यांवर लेखच नव्हता, त्यामुळे ते सोडून देतो.

जाता जाता एवढंच सांगा: ज्यात ग्लायफोसेट नाही याची खात्री आहे, असं दूध तुम्ही त्याच किटवर लावून पाहिलं होतंत का? रीडिंग काय आलं?