पडदा कुणासाठी होता?

'ट्युरिंग टेस्ट म्हणजे थापा मारायची परीक्षा. पडदा फसवायला घातला, माणसाला गंडवलं की यंत्र हुशार! सगळ्याच चाचण्या अशा.' हे सध्या जो तो पुढे ढकलतोय. खुमासदार आहे, पण अर्धंच खरं.

खरा भाग आधी. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५० साली 'माइंड' या नियतकालिकात मांडलेला खेळ मुळात सोंगाचाच. एक पुरुष, एक स्त्री, आणि वेगळ्या खोलीत, म्हणजे पडद्याआड, बसून टंकलेल्या उत्तरांवरून कोण पुरुष, कोण स्त्री हे ओळखणारा तिसरा, परीक्षक. पुरुषाने दिशाभूल करायची. पुढे त्याच्या जागी यंत्र: ते माणूस म्हणून खपतं का? हीच ट्युरिंग टेस्ट. त्याच लेखात ३४९५७ अधिक ७०७६४ किती, या प्रश्नावर तीसेक सेकंद थांबून १०५६२१ असं उत्तर येतं. बेरीज करून बघा, शंभराने चुकलीय! मला तरी ती, माणूस वाटावं म्हणून, मुद्दाम चुकवलेली वाटते.

पण 'पडदा फसवायला घातला' हे पटत नाही. पडदा परीक्षकासाठी आहे. धातूचा सांगाडा बघून त्याने आधीच निकाल लावू नये म्हणून. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, म्हणून दहावी लपवाछपवीची होते का?

शिवाय प्रश्नांना बंधन नाही. ट्युरिंगने तोंडी परीक्षेचा नमुनाच दिलाय. शेक्सपिअरच्या सुनीतात 'तुला उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा देऊ का' अशी ओळ आहे; तिथे वसंताचा दिवस चालेल का? यंत्र म्हणतं, वृत्तात बसणार नाही. मग हिवाळ्याचा? तो बसेल, पण हिवाळ्याच्या दिवसाची उपमा कुणाला आवडेल? यात थाप कुठली? कविता कळल्याशिवाय असं बोलता येत नाही.

'३० टक्के परीक्षक फसले की पास' हेही ट्युरिंगच्या नावावर खपवलं जातं. त्याने पासाची रेषा आखलीच नव्हती. पन्नासेक वर्षांनी, पाच मिनिटांच्या प्रश्नांनंतर, सामान्य परीक्षक अचूक ओळखण्याची शक्यता ७० टक्क्यांहून जास्त नसेल, हे त्याचं भाकीत. २०१४ साली लंडनमधल्या स्पर्धेत 'युजीन गूस्टमन' या प्रोग्रामने ३३ टक्के परीक्षकांना चकवलं, ते युक्रेनमधल्या ओदेसाचा १३ वर्षांचा मुलगा बनून. वेडीवाकडी उत्तरं वयावर आणि तोडक्या इंग्रजीवर खपून गेली. रागवायचंच तर त्या स्पर्धेवर रागवा.

'सगळ्याच चाचण्या अशा'? नाही. संगणकशास्त्रज्ञ हेक्टर लेवेक आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडलेली विनोग्राड चाचणी बघा: 'ट्रॉफी सुटकेसमध्ये मावेना, कारण ती फार मोठी होती.' कोण मोठी? 'मोठी'च्या जागी 'लहान' घाला, उत्तर उलटतं. (मराठीत 'चषक' लिहिलं तर लिंगावरूनच उत्तर फुटतं.) इथे ना पडदा, ना सोंग. यंत्राने यंत्र म्हणूनच उत्तर द्यायचं.