नोंदवही कशासाठी: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

मेटल डिटेक्टरच्या छंदात नोंदवही ठेवावी, असे सुचवणाऱ्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, डिटेक्टर पडद्यावर धातू कोणता असावा याचा अंदाज देणारा आकडा दाखवतो आणि फोन छायाचित्रासोबत जागाही टिपतो, तेव्हा हाताने लिहीत बसण्याचे कारण उरत नाही. गंजलेले खिळे आणि पत्र्याचे तुकडे नोंदवणे हा वेळेचा अपव्यय आहे. आणि अशी वही भलत्याच्या हाती पडली तर चोरांना आयता नकाशा मिळेल. ‘छंद हा छंदच राहू द्या, त्याची कचेरी करू नका’ हे आपले वाक्य मला लागले, कारण त्यात तथ्य आहे. लेखात मी सतरा रकान्यांचा तक्ता दिला होता. गुडघे टेकून, चिखलाने माखलेल्या हातांनी, कोणीही सतरा रकाने भरत नाही, आणि ज्याला ते जमत नाही तो दुसऱ्याच दिवशी वही घरी ठेवून निघतो. तो तक्ता मी मागे घेतो. नोंद ठेवण्याचा आग्रह मात्र कायम आहे, आणि तो का, हे आपल्या एकेका मुद्द्याच्या अनुषंगाने सांगतो.

वस्तू वर काढली की ती ज्या मातीत बसली होती ती माती मोडते. वस्तू टिकते, पण ती किती खोल होती, कशाला टेकून होती, शेजारी आणखी काय होते, हे पाहिलेले असते फक्त खणणाऱ्याने, तेही एकदाच. जर्मनीतील नेब्रा येथे १९९९ मध्ये दोघांनी विनापरवाना डिटेक्टर चालवून आकाशाचे चित्र असलेली कांस्ययुगातील तबकडी काढली, खणताना तिला इजा केली आणि लगेच विकून टाकली. ती २००२ मध्ये पोलिसांनी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे परत मिळवली. त्यानंतर ती नेमकी कुठली हे ठरवण्यासाठी शोधणाऱ्यांचे जबाब आणि तबकडीला चिकटलेली माती यांवर विसंबावे लागले. पुढे २०२० मध्येही, ती तबकडी आणि तिच्यासोबत सापडल्याचे सांगितलेल्या तलवारी व कुऱ्हाडी खरोखर एकाच जागच्या आहेत का, यावर अभ्यासकांमध्ये जाहीर वाद झाला. बहुतेक तज्ज्ञ त्या एकत्रच होत्या असे मानतात. पण खड्ड्याशी बसून काढलेले एखादे चित्र हाती असते, तर या वादाला जागाच उरली नसती.

आता फोनविषयी. फोन मीही वापरतो, आणि त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु छायाचित्रासोबत जी जागा साठवली जाते ती छायाचित्र काढल्याची असते, वस्तू सापडल्याची नव्हे. आपण वस्तू खिशात टाकली, घरी आणली, माती झटकली आणि टेबलावर ठेवून तिचे सुंदर छायाचित्र काढले, तर फोन प्रामाणिकपणे टेबलाचा पत्ता नोंदवतो. माझ्याकडे अशी साठ-सत्तर छायाचित्रे आहेत आणि ती सारी एकाच खोलीत ‘सापडलेली’ आहेत. त्यांतील कोणते बटण कोणत्या शेतातले, हे मला आज सांगता येत नाही, याचे मला मनापासून दुःख आहे. दुसरे असे की, अनेक मेसेजिंग ॲप छायाचित्र पुढे पाठवताना त्यातील जागेची माहिती काढून टाकतात. म्हणून फोनमधून अक्षांश-रेखांश घ्यावेत, पण ते खड्ड्याशीच कागदावर उतरवावेत. दशांश चिन्हापुढे पाच अंक लिहिले की अक्षांशाची जागा सुमारे एक मीटरपर्यंत सांगितली जाते, चार लिहिले की सुमारे अकरा मीटरपर्यंत. साधा फोन उघड्या आकाशाखालीही पाचेक मीटर इकडेतिकडे होतो, त्यामुळे पाचच्या पुढचे अंक लिहिण्यात अर्थ नाही. ज्या ठिकाणी वस्तू दाटीने निघतात, तिथे दोन पक्क्या खुणा, समजा कुंपणाचा कोपरा आणि एखादे जुने झाड, धरून टेपने दोन अंतरे मोजावीत. कागदावर ती जागा फोनपेक्षा अचूक बसते.

खिळ्यांचा मुद्दा आपण सर्वांत ठामपणे मांडला आहे, आणि नेमका तिथेच माझा आपल्याशी सर्वांत मोठा मतभेद आहे. अमेरिकेत मोंटाना राज्यातील लिटल बिगहॉर्न येथे १८७६ साली झालेल्या लढाईचे मैदान १९८३ च्या वणव्यात गवत जळून उघडे पडले. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी तिथे स्वयंसेवकांना डिटेक्टर देऊन एका ओळीत चालवले. सिग्नल आला की झेंडी रोवायची, वस्तू जागची हलवायची नाही, मोजणी झाल्यावरच उचलायची, अशी शिस्त होती. जे हाती आले ते मुख्यतः रिकामी काडतुसे आणि गोळ्या. सुट्या सुट्या पाहिल्या तर कवडीमोलाच्या वस्तू. परंतु प्रत्येक बंदुकीची आघातपिन, म्हणजे काडतुसावर आपटून ते उडवणारी बारीक दांडी, काडतुसाच्या बुडावर आपली खूण सोडते, आणि एकच खूण असलेली काडतुसे मैदानात जिथे जिथे पडली होती त्या जागा जोडल्यावर, ती एक बंदूक कुठून कुठे गेली हे दिसू लागले. तीच काडतुसे जागेची नोंद न करता कोणी पिशवीत भरून नेली असती, तर पितळेच्या ढिगापलीकडे काहीच हाती राहिले नसते.

एवढ्या मोठ्या ठिकाणाची गोष्ट बाजूला ठेवून माझ्याच वहीतले एक पान सांगतो. एका पडीक शेताच्या कडेला चार खेपांत मला एकतीस खिळे मिळाले. प्रत्येक खिळा वेगळ्या लहान पिशवीत, पिशवीवर क्रमांक, वहीत त्या क्रमांकापुढे ‘लोखंडी खिळा, गंजलेला’ इतकेच शब्द आणि जागा. पुष्कळ दिवसांनी चांगल्या उजेडात ते पुन्हा पाहताना लक्षात आले की, त्यांतले अकरा खिळे बाकीच्यांहून निराळे होते: आखूड, चपटे, डोक्याशी जाड होत गेलेले, आणि काहींची टोके वळवून तोडलेली. ते नालांचे खिळे होते. पिशव्यांवरचे क्रमांक आलेखाच्या कागदावर मांडले तेव्हा ते अकराच्या अकरा एकाच कोपऱ्यात, चार पावलांच्या आत बसले. उरलेले वीस एका सरळ रेघेत पसरले होते. पुढे शेताच्या मालकांनी सांगितले की, तिथे लाकडी छपराखाली घोडे बांधत असत, असे त्यांनी आजोबांकडून ऐकले होते. तोवर तबेल्याचा कोपरा आणि भिंतीची रेघ माझ्या कागदावर आधीच उतरली होती. ज्या दिवशी मी ते खिळे उचलले त्या दिवशी मलाही त्यांचे महत्त्व कळले नव्हते. म्हणूनच काय लिहायचे आणि काय नाही, हा निवाडा खड्ड्याशी बसून करू नये, असे माझे मत आहे.

याच कारणाने मी रिकामी जागाही नोंदवतो. अमुक पट्टा, कोरडी माती, दोन तास, एकही सिग्नल नाही, ही नोंद पुढच्या खेपेला फार उपयोगी पडते, कारण पावसानंतर ओल्या मातीत तोच पट्टा बोलू लागला तर बदल मातीत झाला की डिटेक्टरच्या जुळवणीत, हे ताडता येते.

‘डिटेक्टर आकडा दाखवतोच’ असे आपण म्हणता. तो दाखवतो, पण त्या आकड्याचा अर्थ यंत्रागणिक बदलतो, आणि सोन्याची अंगठी, चंदेरी कागद व डब्याच्या झाकणाची कडी हे तिघेही त्या पट्टीवर एकमेकांच्या जागा अडवतात. मोठा, चपटा लोखंडी तुकडा कित्येकदा चांदीसारखा उंच सूर काढतो. पडद्यावरची खोलीसुद्धा साधारण नाण्याएवढी वस्तू गृहीत धरून दिलेली असते, त्यामुळे खोलवरची मोठी वस्तू उथळ भासते. यावर मला एकच उपाय ठाऊक आहे: खणण्यापूर्वी लिहिणे. आकडा काय, दोन दिशांनी कॉइल, म्हणजे डिटेक्टरच्या टोकाची चकती, फिरवल्यावर तो स्थिर राहतो की उड्या मारतो, आणि आपला अंदाज काय, हे तीन शब्दांत आधी लिहावे आणि मग फावडे उचलावे. वस्तू पाहिल्यावर लिहिले, तर सिग्नल ‘आठवतो’ तोच मुळी त्या वस्तूला साजेसा. अशा दोनशे नोंदी झाल्यावर मी स्वतःचे अंदाज तपासले, आणि ज्या सुराला मी इतके दिवस लोखंड समजून ओलांडून जात होतो, त्याखाली पाचांतून एकदा तांबे निघत होते, हे मला तेव्हा प्रथम कळले.

लिहिण्यासाठी थांबण्याचा आणखी एक लाभ आहे. इंग्लंडमध्ये फ्रोम गावाजवळ २०१० मध्ये एका छंदिष्टाला नाण्यांनी भरलेल्या मडक्याचे तोंड लागले. पुढे खणणे थांबवून त्याने ते पुरातत्त्वज्ञांच्या स्वाधीन केले. आत ५२,५०३ रोमन नाणी होती, आणि ती थराथराने काढल्यामुळे असे दिसले की, सर्वांत उशिरा पाडलेली नाणी बहुतांशी वरच्या थरात नसून बरीच खाली होती. म्हणजे मडके वर्षानुवर्षे थोडेथोडे भरलेले नसून एकाच वेळी भरले असावे. हाताला थांबण्याची सवय नसती, तर ही गोष्ट कायमची गेली असती.

चोरांविषयीची आपली भीती रास्त आहे, आणि लेखात मी तिचा विचार केला नव्हता, ही माझी उणीव. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा शोधांची जी सार्वजनिक नोंदणी योजना १९९७ पासून चालते, तिथे अचूक जागा अभ्यासकांसाठी राखून ठेवतात आणि सर्वांना दिसणारी जागा मुद्दाम ढोबळ ठेवतात. तेच घरी करता येते. मी वस्तूंच्या वहीत प्रत्येक शेताला केवळ एक सांकेतिक अक्षर देतो. त्या अक्षराचा अर्थ, मालकांचे नाव, परवानगीची तारीख आणि अक्षांश-रेखांश दुसऱ्या वहीत असतात, आणि ती वही घराबाहेर नेत नाही. शेतात उतरवलेले अंक त्याच संध्याकाळी तिच्यात चढवून ते चिटोरे फाडून टाकतो. परवानगीची नोंद तर कायद्यासाठीही हवी, कारण अनेक देशांत विनापरवाना शोध घेणे हा गुन्हा आहे आणि पुरातन वस्तू सापडल्यास कळवणे बंधनकारक आहे.

तेव्हा सतरा रकान्यांऐवजी आता मी एवढेच सुचवतो: क्रमांक, जागा, खोली, खणण्यापूर्वीचा सिग्नल आणि काय निघाले. वस्तू ओळखता आली नाही तर शेवटचा रकाना कोरा ठेवावा, आणि घासूनपुसून स्वच्छ करण्याआधी मोजपट्टीशेजारी तिचे छायाचित्र घ्यावे. लिहायला शिसपेन्सिल घ्यावी, ओल्या कागदावर तिचे अक्षर शाईसारखे पसरत नाही.

शेवटी आपण विचारले आहे की, गेल्या पाच वर्षांतला सगळा माल एका डब्यात एकत्र पडला आहे, त्याचे आता काय करावे. माझ्याही पहिल्या दोन वर्षांचा तसाच डबा आहे. त्यातील एकेक वस्तू घेऊन, ती कोणत्या शेतातली हे जिथे खात्रीने आठवते, तिथे फक्त शेताचे नाव लिहावे आणि त्यापुढे ‘स्मरणावरून’ असा शब्द जरूर घालावा. अंदाजाने अक्षांश-रेखांश मुळीच लिहू नयेत, कारण अचूक दिसणारी चुकीची जागा पुढे वाचणाऱ्याची दिशाभूल करते. ज्या वस्तूविषयी काहीच आठवत नाही तिला क्रमांक द्यावा आणि जागेच्या रकान्यात ‘अज्ञात’ लिहावे.