आंबवलेल्या दाण्यानं मानमोडी थांबत नाही

मोठी आईच्या बारा कोंबड्यांपैकी सहा गेल्या. माना वाकड्या, हिरवी हगवण, चोच उघडी टाकून धापा. चार दिवसांत डालं अर्धं झालं. तीन आठवड्यांआधी आमच्या वस्तीत मानमोडीची लस टोचली, तेव्हा तिनं कोंबड्या दिल्या नव्हत्या. "लस काऊन टोचा लागते, बाबू? मोबाइलवर सारं लिहेल हाये नं." ते 'सारं' मग मी वाचलं.

मेसेज थोडक्यात असा: मका, ज्वारी, कनकी बादलीत पाण्यात भिजवा, झाकण घट्ट लावून सात दिवस आंबवा. वर पांढरी बुरशी आली की 'औषध' तयार. त्यानं अंडी दुप्पट, खाद्याचा खर्च निम्मा. पोटातले जंतू मरतात, म्हणून लस कायमची बंद. स्वस्तात करायचं तर सरकीची ढेप घाला, आंबली की तिच्यातलं विष जातं. खाली 'विदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' आणि 'दहा जणांना पाठवा'.

आधी लसीचं बोलू. सारा घोळ 'जंतू' या एका शब्दात आहे. आंबवलेल्या दाण्यात आम्ल तयार होतं आणि ते काही जिवाणूंना सोसत नाही, इथवर ठीक. पण मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा रोग. तो नाका-डोळ्यांतूनही शिरतो, श्वासनळी धरतो, मज्जासंस्थेत जातो, म्हणून तर मान वळते. पोटातलं आंबट तिथं काय करणार? लागण झाली की उपचार नाही. जे काही करायचं ते आधी: पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, मग सहा ते आठ आठवड्यांत आर-टू-बी लसीचं इंजेक्शन.

आणि हे एका घरापुरतं नसतं. लसीची कुपी बहुधा शंभर पक्ष्यांची. बर्फात आणायची, एकदा मिसळली की काही तासांत संपवायची. दहा-बारा कोंबड्यांसाठी कोणी कुपी फोडत नाही, म्हणून वस्तीनं एक दिवस ठरवावा लागतो. असा मेसेज चार घरांत पोचला की तो दिवसच मोडतो. पाठवणाऱ्याचं काय जातं? बोट हलवलं की झालं.

बरं, ते विदेशी शास्त्रज्ञ. अभ्यास खरा आहे. डेन्मार्कचा, २००९ साली 'ब्रिटिश पोल्ट्री सायन्स'मध्ये आलेला. मी फक्त सारांश वाचला, पण दोनदा. सोळा ते अडतीस आठवडे वयाच्या कोंबड्यांना आंबवलेलं खाद्य दिलं. सामू, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ४.५, आणि आम्ल न सोसणाऱ्या साल्मोनेला, ई. कोलायसारख्या जिवाणूंना त्यानं अटकाव होतो, असं म्हटलं आहे. लस सोडा, असं कुठंही नाही. उलट आंबवलेलं खाणाऱ्या कोंबड्या अंड्यावर उशिरा आल्या, ते खायला कुरकुरल्या, एकमेकींना टोचू लागल्या. अंड्यांच्या एकूण उत्पादनात म्हणावा असा फरक पडला नाही. 'दुप्पट' कुठून आलं? गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते ती तिच्या जातीमुळं. बादलीनं जात बदलत नाही.

बुरशीचं ऐकून तर मी कपाळच धरलं. दाण्यावर पातळ, सुरकुतलेली पांढरी साय येते ती यीस्टची, काढून टाकली की झालं. केसाळ, हिरवी-काळी दिसली तर सारी बादली पुरायची. उकिरड्यावर नाही, कोंबड्या उकिरडाच उकरतात. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की मेल्या त्या बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या ढेपेनं, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष त्यातूनच कळलं. ते उकळूनही जात नाही. पावसात काळी पडलेली ज्वारी 'आंबवून चालवू' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल नावाचं विष असतं. जनावरं रवंथाच्या जोरावर ते बरंचसं निभावतात, कोंबडीला ते जमत नाही. ढेप जास्त खाल्लेल्या कोंबडीच्या साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट पडतो. बाजारात कोण घेईल?

आता कबूल करायचं ते करतो. आंबवलेला दाणा वाईट नाही, तीन वर्षांपासून मीही देतो. धान्यातला अडकलेला फॉस्फरस मोकळा होतो, भुकटी उडून वाया जात नाही. त्या अभ्यासातही कोरड्या वजनानं खाद्य थोडं कमीच लागलं होतं. पण निम्मं नाही हो! आणि सात दिवस? आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना एका दिवसात होतं, थंडीत तीन लागतात. दाण्यावर चार बोटं पाणी, झाकण सैल. वास महालक्ष्मीच्या आंबीलीसारखा आला पाहिजे. नाक मुरडावं लागलं की फेका.

मोठी आईची एक कोंबडी खुडूक बसली आहे. तिच्याखाली आमच्या घरची अकरा अंडी ठेवली. एकवीस दिवसांनी पिल्लं, त्यानंतर सातव्या दिवशी थेंब. ती तारीख तिनं स्वतःच कॅलेंडरवर गोल केली. बादलीही चालू आहे, फक्त झाकण सैल.