‘पुरात महापालिका काहीच करत नाही’ या मेसेजला कोल्हापुरातून उत्तर

जुलैत पंचगंगा पात्राबाहेर पडली की एक मेसेज आमच्या गल्लीच्या, तालमीच्या, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींच्या, सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो. शब्द दर वर्षी थोडे बदलतात, मुद्दे तेच असतात. पूर रात्रीत येतो आणि कुणी सांगत नाही. महापालिकेकडं आपत्तीचं नियोजन नावालाही नाही. माणसं वाचवतात ती फक्त एनडीआरएफ आणि लष्कर. पूर कर्नाटकातल्या आलमट्टी धरणामुळं येतो, त्यामुळं इथं कुणी काहीही केलं तरी उपयोग नाही. आणि शेवटची ओळ, जिची मला सगळ्यात जास्त भीती वाटते: घर सोडा म्हणून सांगायला आले तरी सोडू नका, छावणीत हाल होतात आणि मागं घरात चोऱ्या होतात.

हा मेसेज पुढं पाठवणारे आपलेच शेजारीपाजारी आहेत. त्यातल्या कित्येकांचं घर 2019 आणि 2021 मध्ये पाण्याखाली होतं. त्यांचा राग मला कळतो, कारण आमचंही घर होतं. पण यातलं एखादं वाक्य खरं मानून कुणी म्हातारं माणूस माळ्यावर बसून राहिलं तर त्याचा जीव जाईल. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

पूर रात्रीत येतो, हे आधी बघू. आपला पूर इतक्या बारीक मापात माहीत असलेलं शहर शोधून सापडणार नाही. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी पावसाळाभर फूट आणि इंचात जाहीर होते, पाणी चढायला लागलं की दिवसातून अनेकदा. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. जुलै-ऑगस्टात चहाच्या गाड्यावर कुणी नुसतं ‘किती झालं?’ म्हणालं तरी समोरचा ‘एक्केचाळीस तीन’ असं उत्तर देतो. कशाचं ते सांगावं लागत नाही.

2019 मध्ये पाणी साडेपंचावन्न फुटांपर्यंत गेलं, 2021 मध्ये 56 फुटांच्याही वर. त्या वर्षी 22 आणि 23 जुलैला ते फार झपाट्यानं चढलं, हे मान्य. पण डोंगरातल्या ओढ्याचा लोंढा यावा तशी पंचगंगा येत नाही. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी यांचं पाणी चिखलीच्या प्रयागाजवळ एकत्र येतं, शिवारात पसरतं आणि मग चढत राहतं. तास हातात असतात. राधानगरी धरणाचे दरवाजे कुणीतरी अपरात्री मुद्दाम सोडले, असंही याच मेसेजच्या शेपटीला जोडलेलं असतं. राधानगरीचे ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव काठोकाठ भरला की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला 1428 घनफूट पाणी पडतं, कितव्या नंबरचा दरवाजा किती वाजता उघडला तेही लगेच कळवलं जातं, आणि ते पाणी शहराला लागायला काही तास जातात.

मग ‘अचानक आलं’ असं का वाटतं? कारण पाणी नदीच्या बाजूनं येत नाही, जयंती नाल्यातून उलटं येतं. नदी चढली की नाल्याचं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि नदीच नाल्यात मागं शिरते. त्यामुळं नदीपासून लांब असलेल्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, सुतारवाड्यात पाणी येतं, आणि तिच्या जवळ पण उंचावर राहणारे कोरडे राहतात. नदीकडं डोळे लावून बसलेल्या माणसाच्या परसात मागच्या मागं पाणी येतं. इथं महापालिकेनं करण्यासारखं एक काम आहे आणि त्यासाठी मी भांडायला तयार आहे. बंधाऱ्यावरचा आकडा लोकांच्या उंबऱ्याच्या भाषेत सांगा. आमच्या जिन्याच्या भिंतीवर वडिलांनी ऑइल पेंटनं रेघा मारून ठेवल्यात: ‘बंधारा 47, पायरी 1’ आणि पुढं तसंच वरपर्यंत. आमच्या घराला कुणी विचारायच्या आधी निघायची वेळ त्या भिंतीवरून कळते. अशा खुणा प्रत्येक गल्लीच्या विजेच्या खांबावर का नसाव्यात?

नियोजनच नाही, हा दुसरा मुद्दा. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 सालचा आहे. त्याच्या कलम 41 मध्ये स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे महापालिकेपासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांची कामं लिहिलेली आहेत. अधिकारी-कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं, साधनं कधीही वापरता येतील अशी तयार ठेवायची, आपल्या हद्दीतली बांधकामं ठरलेल्या निकषांनुसार होतात हे बघायचं, आणि आपत्ती आली की मदत आणि पुनर्वसन करायचं. सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा प्राधिकरणाकडं असतात, पालिका त्यांच्या निर्देशानुसार चालते.

कागद सोडा, प्रत्यक्ष बघा. पावसाळ्याआधी नाल्यात पोकलेन उतरतात. पाणी इशारा पातळीकडं सरकायला लागलं की सुतारवाड्यातली कुटुंबं आधी हलतात, ती चित्रदुर्ग मठात जातात. मग पाणी जसं चढेल तशा पुढच्या गल्ल्या, आणि त्यांच्यासाठी शाळा, हॉल, मंगल कार्यालयं. अग्निशमन दलाच्या बोटी, लाइफ जॅकेट, दोर, पाळीवर कोण, हे ठरलेलं असतं. नियोजन नसतं तर दर वर्षी तीच घरं त्याच क्रमानं त्याच जागी गेली नसती.

ते कमी कुठं पडलं ते मात्र नेमकं सांगितलं पाहिजे, कारण मेसेजात ते कुठंच नसतं. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर ही पाणी उपसा केंद्रं बुडाली. शहराभोवती सगळीकडं पाणी आणि नळाला थेंब नाही. पुराचं पाणी ज्यांच्या घरापासून दोन किलोमीटर लांब राहिलं, तेही टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभे होते. माझी आई त्या रांगेत भांडून आली होती, त्या भांडणाचं मला आजही काही चुकीचं वाटत नाही. नदी कुठवर चढते हे इंचात माहीत असताना शहराला पाणी पाजणाऱ्या मोटारी त्या उंचीच्या खाली का होत्या, हा प्रश्न विचारायलाच हवा. 2023 च्या दिवाळीत थेट पाइपलाइननं काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात आलं, तरी नदीकाठच्या त्या केंद्रांचं काय करणार, हे दर मे महिन्यात विचारावं लागेल.

आणखी एक गोष्ट. महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली. 2021 चा महापूर आला तेव्हा शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता, कारभार प्रशासकांकडं होता. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कुणाची सून दिवस भरलेली आहे, कोण एकटं राहतं, ही यादी फाइलीत नसते. ती त्या भागात रोज फिरणाऱ्या माणसाकडं असते. निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या तर पूरनियोजनही दुबळं होतं, हे आपण कधी बोलतच नाही.

चिखली, आंबेवाडी, शिरोली ही गावं तर महापालिकेत येतच नाहीत. 1972 मध्ये महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. त्या गावांची जबाबदारी ग्रामपंचायत, तहसील आणि जिल्हा परिषदेची. मेसेजमधले अर्धे फोटो तिथले असतात आणि खाली शिव्या महापालिकेला.

‘वाचवतात ते फक्त एनडीआरएफ आणि लष्कर’ या वाक्याबद्दल लिहिताना मी जपून लिहिते, कारण 2019 मध्ये त्या जवानांच्या पाया पडणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी बघितल्या आहेत. त्यांचं ऋण आहेच. पण एनडीआरएफची पाचवी तुकडी तळेगावजवळ सुदुंबऱ्याला असते. आता तिचं पथक पावसाळ्यात आधीच कोल्हापुरात येऊन थांबतं, ही चांगली सोय झाली आहे. तरी एका पथकानं एका वेळी किती गल्ल्या बघायच्या? 2019 मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्गच शिरोलीजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता. बाहेरची मदत यायलाही रस्ता लागतो. तोवरचे तास अग्निशमन दलाचे, पोलिसांचे, व्हाईट आर्मीच्या स्वयंसेवकांचे आणि तालमीच्या पोरांचे असतात.

या तासांत स्थानिक तयारी कच्ची असेल तर काय होतं ते 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये दिसलं. पुरातून बाहेर पडायला माणसं गावातल्याच बोटीत चढली, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त भार होता, ती उलटली आणि 17 जणांचा जीव गेला. यातून ‘गावानं काही करू नये’ असा अर्थ काढणारे मला भेटलेत. मला उलटं वाटतं. बोट गावात असलीच पाहिजे. पण तिच्यासोबत चालवणारा शिकलेला माणूस हवा, माणशी एक लाइफ जॅकेट हवं, आणि ‘आता आणखी कुणी चढायचं नाही’ हे म्हणायचा अधिकार असलेला एकजण काठावर हवा. हे सगळं मे महिन्यात ठरतं. ठाणे महापालिकेनं तर स्वतःचं आपत्ती प्रतिसाद दल उभं केलं आहे. नदीकाठच्या शहरांनी ते का करू नये?

आलमट्टीबद्दल थोडक्यात. 2019 च्या पुरानंतर राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीला त्या पुराचं कारण आलमट्टी असल्याचं आढळलं नाही. थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि नदीपात्रातले अडथळे, अतिक्रमणं यांवर समितीनं बोट ठेवलं. धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करायला महाराष्ट्राचा विरोध आहे आणि तो विरोध व्हायलाच हवा. पण सगळं आलमट्टीवर ढकललं की आपल्या दारातलं बोलायचं राहून जातं. निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांच्या मध्ये निर्बंध. तरीही त्या पट्ट्यात मातीचा भराव पडतो, ट्रकच्या ट्रक खाली होतात, तिथं उद्या काय उभं राहणार हे सगळ्यांना दिसत असतं. भरावानं पाण्याची जागा अडवली की ते पाणी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जातं. परवानगी कुणी दिली, तक्रारीवर काय झालं, हे विचारायला कर्नाटकात जावं लागत नाही. शिरोलीजवळ महामार्गाच्या भरावाऐवजी खांबांवरचा पूल हवा ही मागणीही इथलीच आहे.

राहिली शेवटची ओळ, घर सोडू नका. छावणीत अडचणी असतात. संडास कमी पडतात, बायकांना आडोसा नसतो, तान्ह्या बाळांना वेळेवर दूध मिळत नाही. हे मागून घ्यायचं असतं, आणि पाणी 39 ला असताना मागितलं तर मिळतं. पाणी 50 ला असताना सगळ्यांचे हात बोटीत अडकलेले असतात. चिखली-आंबेवाडीची माणसं म्हशी सोडून निघत नाहीत, त्यात हट्ट नाही, ते त्यांचं पोट आहे. 1989 च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला जागा मिळाल्या, पूर आला की जनावरांसकट तिकडं जायचा रिवाज आहे. जनावरांची सोय झाली की माणूस आपोआप हलतो. चोरीची भीतीही खोटी नाही. पण रिकाम्या गल्लीत पोलिसांची बोट फिरवा असं सांगता येतं, आणि गेलेला टीव्ही परत घेता येतो.

जुलै 2024 मध्ये पाणी 47 फुटांवर गेलं. आमच्या शेजारच्या मावशी एकट्या राहतात. 2019 ला त्यांना अग्निशमन दलाच्या पोरानं पाठीवर घेऊन जिन्यावरून उतरवलं होतं, त्यामुळं या वेळी त्या धोका पातळीची वाट बघत बसल्या नाहीत. त्यांनी सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, सिलिंडर नायलॉनच्या दोरीनं खिडकीच्या गजाला बांधला, म्हणजे तरंगत जायला नको. तांदूळ आणि डाळ पिंपात घालून पिंप माळ्यावर चढवायला मला हाक मारली. रेशन कार्ड, आधार, घरफाळ्याच्या पावत्या दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आणि डबा काखेत. बीपीच्या गोळ्या पदराला. मेन स्विच बंद केला, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पिशवीत घेतला, कुलूप लावलं. गल्लीच्या तोंडाशी पालिकेचा माणूस यादी घेऊन उभा होता, त्यानं त्यांच्या नावापुढं खूण केली. तेव्हा पाणी अजून आमच्या पायरीला लागलं नव्हतं. शाळेत चटई अंथरून बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा मलाच विचारलं, “किती झालं गं?”